कोचला आलेला फोन

बापाच्या नव्वदाव्या वाढदिवसाला आपला भाऊ डेल्बर्ट तोंड दाखवणार नाही, असं व्हर्लीननं धरूनच ठेवलं होतं. शुक्रवारी कॉलेजनं धाकट्या भावाच्या पोराला, लँड्रीला, नकार कळवला. शनिवारी ते टेक्ससमधल्या सगळ्या ब्रानोव्ह गावाला कळलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटायच्या आत गावानं गुन्हेगारही ठरवून टाकला. कोच! दुसरं कोण? शाळेच्या बेसबॉल कोचला कॉलेजचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सख्ख्या पुतण्याची जागा जाते, तेव्हा गावाला फार विचार करावा लागत नाही. ब्रानोव्हला तशी विचाराची सवयही नव्हती.

पण डेल्बर्ट आला. चर्चच्या हॉलच्या मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून, शाळेचं नाव छातीवर छापलेला तोच विटका निळा शर्ट घालून.

"डॅडींची नव्वदी आहे, डेल्बर्ट. एखादा इस्त्रीचा शर्ट नव्हता?"

"हा इस्त्रीचाच आहे."

"कशानं केलीस इस्त्री, ट्रॅक्टरनं?"

तो हसला नाही. त्यानं हात धुतले, ओट्यावरची सुरी उचलली आणि तिच्या शेजारी उभा राहून तोही सॉसेज कापायला लागला. तुकडे एकसारखे, बोटभर रुंदीचे. तीस वर्षं शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून त्याचा हातही रांगेतच चालायला शिकला होता. व्हर्लीनला ते बघूनच चीड आली.

तिची बाजू पहिल्यापासून धाकट्याची, जेरोमची. ते कुणापासून लपलेलं नव्हतं. तिचा नवरा गेला तेव्हा जेरोमनं तिच्या घराचं छप्पर घातलं, तिची गाडी बदलून दिली, वकील बघितला. डेल्बर्टनं काय केलं? दर मंगळवारी येऊन तिच्या व्हरांड्यात गप्प बसला. लग्न नाही, मूल नाही, तीस वर्षं एकच नोकरी, आणि नोकरी तरी काय, दुसऱ्यांच्या पोरांना चेंडू फेकायला शिकवण्याची. जेरोमचं ट्रॅक्टरचं दुकान चार जिल्ह्यांत नावाजलेलं. मोठा भाऊ घरातला मुका आणि धाकटा घरातला भोंगा, असं ती स्वतःच म्हणायची. पण भोंग्यानं निदान वेळ तरी कळते.

"काय सांगितलंस त्या माणसाला?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"माझ्याशी वेड पांघरू नकोस. कॉलेजच्या संघाच्या त्या विनफ्रीला. गुरुवारी तुला फोन आला होता. शाळेच्या कारकून बाईनं जोडून दिला, ती माझ्या मावसनणंदेची सून आहे."

"त्यानं लँड्रीबद्दल विचारलं. मी सांगितलं."

"काय?"

"खरं ते."

"तुझं खरं मला माहीत आहे. पोरगं सोन्याचं असलं तरी तू म्हणणार, बरं आहे."

डेल्बर्टनं कापलेले तुकडे परातीत लोटले. "मी म्हटलं, चेंडू फेकणारा हात चांगला आहे. कान त्याहून चांगले आहेत, सांगितलेलं ऐकतो. हरलो त्या दिवशी मैदान झाडायला मागे थांबतो, कुणी न सांगता. दोन वर्षांत हा तुमचा सगळ्यांत चांगला पिचर असेल."

व्हर्लीनची सुरी थांबली. डेल्बर्टच्या तोंडून एवढी स्तुती तिनं जन्मात ऐकली नव्हती, कुणाचीच.

"हे सांगितलंस? मग नकार कशाचा?"

"मग त्यानं आणखी एक विचारलं."

"काय?"

"घरची माणसं कशी आहेत."

बाहेर हॉलमध्ये कुणीतरी ॲकॉर्डियनचे सूर लावून बघत होतं. व्हर्लीननं दार पायानं लोटून बंद केलं.

"तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. तो थांबला. मीही थांबलो. मग तो म्हणाला, आभारी आहे, कोच. आणि फोन ठेवला."

"अरे, 'चांगली आहेत' म्हणायला काय जीभ झडत होती तुझी? दोन शब्द! सख्ख्या भावासाठी दोन शब्द!"

"व्हर्लीन, त्या माणसानं माझी अकरा पोरं घेतली. त्यातली चार न बघता, नुसत्या माझ्या शब्दावर. का घेतली? कारण मी एकदाही त्याला फसवलं नाही. यंदा ओर्टेगाबाईंच्या मुलाचं नाव मी त्याच्याकडे टाकलंय. तिच्याकडे व्हिडिओ काढायला माणूस नाही, उन्हाळ्यात पोराला गावोगाव खेळवायला कुणी नाही. त्याच्यासाठी नुसता मी आहे. मी गुरुवारी खोटं बोललो असतो, तर त्या पोराचं काय राहिलं?"

व्हर्लीनला डेल्बर्टचाच जुना प्रसंग आठवला. तो अठरा वर्षांचा असताना त्याच्या कोचनं कॉलेजला ठोकून दिलं होतं की पोराचा हात ठणठणीत आहे. हात तेव्हाच दुखत होता. नाताळापर्यंत कोपर कामातून गेलं आणि डेल्बर्ट बसनं घरी आला. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी काही पाडलं की म्हणायचे, डेल्बर्टचा हात लागला वाटतं. ती स्वतःही म्हणायची.

"जेरोमला यातलं काही बोलू नकोस," डेल्बर्ट म्हणाला. "मी पोराबद्दल वाईट बोललो असंच त्याला वाटू दे."

"का म्हणून?"

"माझ्यावर रागावणं त्याच्या सवयीचं आहे."

*

जेरोम आला तो टाळ्या वाजवतच. डोक्यावर नवी करकरीत हॅट, मागे बायको जनेल, तिच्या मागे लँड्री. आठवडाभर दाढी न केल्यासारखा पोराचा चेहरा झाला होता, पण दाढी नव्हती. ते नुसतं जागरण होतं. व्हर्लीनला भाच्याचा गाल कुरवाळावासा वाटला. सहा फूट तीन इंचांच्या माणसाचा गाल कुरवाळायला खुर्चीवर चढावं लागलं असतं, म्हणून तिनं त्याच्या हातात कोलाच्यांचं, मऊ गोड पावांचं, ताट दिलं. "खसखशीचे तुझे. जर्दाळूचे आजोबांचे. वाटेत खाऊ नकोस."

"नाही खात, आत्या."

आणि त्यानं खरंच खाल्ला नाही. तेव्हा तिला कळलं की पोराचं दुखणं खोल गेलंय.

घरची माणसं कशी आहेत! वाफाळत्या सूपच्या वाट्या मांडता मांडता व्हर्लीनच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. घरचं माणूस म्हणजे एकच, हे विनफ्रीलाही माहीत असणार. तीन वर्षं जेरोम प्रत्येक सामन्याला जाळीमागे उभा. हातात चेंडूचा वेग मोजायचं स्वतःचं यंत्र. प्रत्येक चेंडूनंतर आकडा मोठ्यानं ओरडायचा, जसा काही गुरांचा लिलाव चाललाय. पंचांना आंधळा म्हणायचा. दर सोमवारी डेल्बर्टला मेल पाठवायचा, मुद्द्यांना क्रमांक घालून. एकदा तर चौदा मुद्दे होते आणि नववा मुद्दा डेल्बर्टच्या टोपीबद्दल होता. तीन आठवड्यांपूर्वी बाहेरगावच्या सामन्यात शेरीफच्या माणसानं त्याला मैदानाबाहेर काढून त्याच्याच पिकअपमध्ये नेऊन बसवलं, तर तिथून हा हॉर्न वाजवत बसला. त्या दिवशी विनफ्री प्रेक्षकांत होता. सगळ्या गावानं तो किस्सा हसत हसत सांगितला, आणि सगळ्यांत रंगवून सांगितला तो व्हर्लीननं.

मग डेल्बर्टनं फोनवर आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

सूप झालं. सॉसेज झाले. त्यांचा बाप एमिल टेबलाच्या टोकाला बसून शांतपणे जेवत होता. कानातलं यंत्र त्यानं काढून खिशात ठेवलं होतं. कुटुंब एकत्र जमलं की तो ते काढायचा. ॲकॉर्डियनवाला खुर्ची पुढे ओढणार तोच जेरोम ग्लास घेऊन उभा राहिला.

"डॅडींच्या नव्वदीसाठी!" सगळ्यांनी ग्लास उचलले. प्यायले. जेरोम बसला नाही. "आणि दुसरा ग्लास माझ्या भावासाठी. तीस वर्षं या गावातली पोरं कॉलेजात पाठवली त्यानं. शिमेकचं पोरगं पाठवलं, सुताराचं पाठवलं, ज्याला डावा-उजवा कळत नव्हता तेही पाठवलं. एकच राहिलं. आपल्याच कुबेनांचं."

"जेरोम, खाली बस," व्हर्लीन म्हणाली.

"का? जेवणात मीठ कमी पडलं म्हणून घालतोय." दोघंतिघं हसले. दुकानात नोकरीला असलेल्यांना हसावंच लागतं. "नोव्हेंबरात याच हॉलमध्ये मी म्हटलं होतं की शाळेच्या कोचला आता कुत्रं विचारत नाही. मी ह्यूस्टनचा सल्लागार लावला. व्हिडिओ काढले, गेला उन्हाळाभर तीन राज्यांत पोराला खेळवला. सगळं जमवून आणलं मी. आणि शेवटी त्या विनफ्रीनं काय केलं? शाळेत फोन लावला! आणि आमचे कोच, ज्यांना आयुष्यात कुणी विचारलं नाही, त्यांना एकदाचं कुणीतरी विचारलं!"

डेल्बर्ट ताटाकडे बघत होता.

"बोल ना. काय सांगितलंस माझ्या पोराबद्दल? आळशी आहे म्हणालास? भित्रा आहे?"

"नाही."

"मग काय? तुझा हात गेला म्हणून कुणाचाच राहू नये, असंच ना? नाताळात बसमधून उतरलास तेव्हाचं तुझं तोंड आठवतंय मला. मी अकरा वर्षांचा होतो, पण आठवतंय. तेच तोंड माझ्या पोराला द्यायचं होतं तुला!"

व्हर्लीननं डेल्बर्टकडे पाहिलं. बोल की मेल्या, तिला ओरडावंसं वाटलं, सोमवारचे ते चौदा मुद्दे वाच त्याच्या तोंडावर. पण तो बसून राहिला, पावसात उभ्या बैलासारखा.

तेव्हा लँड्री उठला.

"कोच," तो म्हणाला. घरात तो डेल्बर्टला काका म्हणायचा. "तुम्ही सांगा. मी ऐकून घेईन. काय कमी आहे माझ्यात?"

डेल्बर्टनं मान वर केली. त्याचे ओठ हलले, पण त्यानं आधी जेरोमकडे पाहिलं आणि शब्द पुन्हा गिळला. पोराचा चेहरा पडत गेला. गप्प माणसाकडून त्यानं उत्तर घेतलं होतं, आणि चुकीचं घेतलं होतं.

तिथं व्हर्लीनचा बांध फुटला.

"तुझ्यात काही कमी नाही, बाळा! तुझा काका त्या माणसाला म्हणाला, दोन वर्षांत हा तुमचा सगळ्यांत चांगला पिचर असेल. माझ्यासमोर म्हणाला आत्ता, सॉसेज कापता कापता. तुझ्याबद्दल जे विचारलं ते सगळं पास झालंय. नापास झालाय तो तुझा बाप!"

"व्हर्लीन," डेल्बर्ट म्हणाला.

"गप्प बस तू! गुरुवारी गप्प बसलास ते पुरे झालं. त्यानं विचारलं, घरची माणसं कशी आहेत. आणि हा काही बोलला नाही. वाईट नाही बोलला. नुसता गप्प राहिला. तेवढ्यानं भागलं! जेरोम, तुझं वर्णन करायला त्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही."

जेरोम लाल झाला होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, दुकानातल्या माणसांकडे, फादरकडे, शेवटी बायकोकडे. "ऐकलंस, जनेल? कशी कट करून बसलीत दोघं?"

जनेल हातरुमालाची घडी घालत होती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. व्हर्लीन तिला पाठीमागे मेणबत्ती म्हणायची: सरळ, पांढरी, आणि कुणी पेटवल्याशिवाय उपयोग नाही.

"मार्चमध्ये आपण कॉलेज बघायला गेलो होतो," जनेल म्हणाली. "तू तिथल्या पिचिंगच्या कोचला पिचिंग शिकवत होतास, तेव्हा विनफ्रीनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मिस्टर कुबेना नेहमी असेच असतात का? मी म्हटलं, आज खुशीत आहेत, एरवी जास्त बोलतात. मला वाटलं विनोद झाला. तो हसला नाही." तिनं रुमाल खाली ठेवला. "डेल्बर्टनं काही सांगितलं नाही, जेरोम. जे सांगितलं ते मी."

मोठी माणसं ताटात बघायला लागली. मधेच एमिलनं खिशातून यंत्र काढून कानात घातलं. सगळे एकदम गप्प झाले की काहीतरी ऐकण्यासारखं असतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"काय झालं?"

"काही नाही, डॅडी," जेरोम म्हणाला. "मी माझ्या पोराच्या प्रत्येक सामन्याला गेलो, म्हणून मला फासावर चढवतायत."

"मी तुमच्या एकाही सामन्याला आलो नाही," म्हातारा म्हणाला. "शेतात कापूस होता. चाळीस वर्षं तुम्ही दोघं मला त्यावरून ऐकवता. हा एकही चुकला नाही, तर आता त्याचं पोरगं त्याला ऐकवणार. बापानं करावं तरी काय?" आणि त्यानं जर्दाळूचा कोलाचा उचलला.

कुणीतरी फिसकन हसलं. जेरोम नाही. लँड्री अजून उभाच होता.

"कोच, आता काय करायचं?"

डेल्बर्टनं ताट बाजूला सारलं. "एक छोटं कॉलेज आहे. दोन वर्षांचं. पश्चिमेला, सहा तासांवर. तिथला कोच माझ्याच हाताखाली खेळलेला आहे. काल बोललो त्याच्याशी. दोन वर्षं तिथं फेक, मग विनफ्रीच काय, कुणीही येईल."

"दोन वर्षांचं!" जेरोम उसळला. "कुबेनाचं पोरगं ट्रॅक्टर दुरुस्ती शिकणाऱ्यांच्या वर्गात!"

"तुझं सगळं दुकान त्याच वर्गावर चालतं," व्हर्लीन म्हणाली.

"त्यानं विचारलं का?" जनेलनं डेल्बर्टला विचारलं. "घरच्यांबद्दल?"

"त्याला विचारावं लागलं नाही. तो इथलाच आहे, जेरोमला ओळखतो." डेल्बर्टनं रुमालानं हात पुसले. "म्हणाला, सहा तासांचं अंतर आहे, चालेल."

या वेळी हॉल हसला. दुकानातली माणसंसुद्धा हसली, नोकरी विसरून. व्हर्लीनही हसली, आणि हसता हसता तिची नजर जेरोमवर गेली. तो हॅट हातात घेऊन उभा होता. ती हॅट त्यानं कधी काढली, तिनं पाहिलं नव्हतं.

"डॅड," लँड्री म्हणाला. तो हसत नव्हता. "मी जातो तिथं. पण पहिलं वर्ष तुम्ही येऊ नका."

"म्हणजे? एखाद्या सामन्याला—"

"एकाही नाही. मी फोन करीन. जिंकलो तरी, हरलो तरी. पण तुम्ही जाळीमागे असलात की मला कॅचरच्या हाताची खूण दिसत नाही. तुमचा आकडा ऐकू येतो फक्त." त्यानं खुर्ची आत सारली. "मी जाणारच आहे. तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल, एवढंच."

"नाही येणार," जनेल म्हणाली.

"मला बोलू दे!"

"बोल."

जेरोमनं हॅट घातली आणि हॉलच्या मधून, टेबलांच्या दोन रांगांमधून चालत पुढच्या दारानं बाहेर गेला.

*

अंगणात उन्हाचा रखरखाट होता. पिकअपचं इंजिन चालू, काचा वर, आत थंड हवा सोडून जेरोम बसला होता. तो घरी निघून गेला असता तर व्हर्लीनला समजलं असतं. तो गेला नव्हता. तिनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि कण्हत वर चढून बसली. इतकी उंच गाडी माणसानं कशाला घ्यावी, हे तिला कधी कळलं नव्हतं.

"तूही," जेरोम समोर बघत म्हणाला. "सगळ्यांनी बोलावं. पण तूही?"

"मीही."

"पन्नास वर्षं तू माझ्या बाजूची."

"म्हणूनच तर हे असं झालं. तू हॉर्न वाजवत बसलास त्याची गोष्ट मी केस कापायच्या दुकानात तीनदा सांगितली. एकदा जरी तुझ्या कानाखाली वाजवली असती तर पोराची जागा राहिली असती."

चर्चच्या भिंतीलगत कुणाचं तरी लहान पोर खडे मारत होतं. जेरोम त्याच्याकडे बघत राहिला. पोराचं कोपर खाली पडतंय हे सांगायला त्याचा हात काचेच्या बटणाकडे गेला, हे व्हर्लीननं पाहिलं. हात तिथंच थांबला आणि मांडीवर परत आला.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"काय किती वेळ?"

"फोनवर. गप्प किती वेळ होता तो?"

"विनफ्री आभार मानेपर्यंत."

जेरोमनं मान हलवली. "एक शब्द बोलता आला असता त्याला, व्हर्लीन. परका नाही, सख्खा भाऊ आहे. खोटं बोल असं मी म्हणत नाही. पण माझ्याबद्दल एखादा चांगला शब्द?"

"कुठला?"

"म्हणजे?"

"कुठला शब्द बोलायचा होता त्यानं? तू सांग. खरा सांग, खोटा तो बोलणार नाही. आत्ता आत जाते आणि उद्या सकाळी त्याला विनफ्रीला फोन करायला लावते. माझं ऐकतो तो."

"मी एकही सामना चुकवला नाही."

"ते सगळ्या टेक्ससला माहीत आहे. दुसरा सांग."

जेरोमनं हॅट काढून मांडीवर ठेवली. कपाळाला हॅटची रेघ उमटली होती, ती त्यानं बोटानं चोळली. व्हर्लीनला दोनतीन शब्द सुचले: छप्पर, वकील, नवरा गेल्यावरचे ते दिवस. लहानपणापासून तो अडला की तीच शब्द पुरवायची. या वेळी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि काचेबाहेर बघत राहिली.

आत हॉलमध्ये ॲकॉर्डियन सुरू झालं होतं. म्हाताऱ्यासाठी सगळे गात होते, पण इंजिनाच्या घरघरीत धड ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं जेरोमनं हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"तू जा आत," तो म्हणाला. "मला तो शब्द अजून सापडला नाही."